दुसऱ्या दोरावरचा माणूस

[दृश्य: पहाटेचा अंधार. कड्याच्या माथ्यावर हेडलॅम्पचा एकच ठिपका हलतोय.]

सूर्य उगवायला अजून दीड तास आहे. आज हा कडा जी चढणार आहे, ती आरोहक खाली गाडीत झोपली आहे. तिचा फोटो काढणारा, साहसी खेळांचा फोटोग्राफर, मात्र मागच्या वाटेने माथ्यावर पोहोचून दोर बांधतोय.

कारण साधं आहे. चढणाऱ्या माणसाचा फोटो खालून काढला, की त्यात दिसतात बुटांचे तळवे आणि पार्श्वभाग. चेहरा नाही, हात नाहीत आणि उंचीसुद्धा नाही, कारण खालून पाहिलेला कडा चौकटीत आखडतो. असे फोटो मासिकंही घेत नाहीत आणि कंपन्याही. चेहऱ्यावरचा ताण, बोटांची पकड आणि पायांखालची पोकळी एकत्र दाखवायची असेल, तर कॅमेरा तिच्या वर हवा, दोन-तीन मीटर बाजूला सरकून. तिथे उभं राहायला जागा नसते. लटकायला असते.

[दृश्य: अँकर, म्हणजे दोर बांधायचा पक्का आधार; कॅराबिनर, म्हणजे उघडझाप होणारी धातूची कडी; धारेवरून खाली जाणारा दोर.]

हा दोर चढाईचा नाही. चढाईचा डायनॅमिक दोर ताणतो, पडणाऱ्याचा झटका पोटात घेतो. तासभर लटकून काम करायला तोच गुण घातक. प्रत्येक हालचालीला फोटोग्राफर वर-खाली होत राहतो आणि दोर खडकाच्या धारेवर करवतीसारखा घासत राहतो. म्हणून इथे १० ते ११ मिलिमीटर जाडीचा स्टॅटिक, म्हणजे जवळजवळ न ताणणारा, दोर लागतो. तो किमान दोन स्वतंत्र अँकरना बांधायचा, असा की एक निखळला तरी दुसऱ्यावर सगळं वजन बिनधक्क्याने यावं. धारेवर जिथे दोर टेकतो तिथे जाड कापडाचं आवरण. उतरण्यासाठी आपोआप आवळणारं डिव्हाइस, परत वर येण्यासाठी जुमार, म्हणजे दोरावर फक्त वरच सरकणारी पकड, आणि पायात फासा. शिवाय दर काही मीटरवर डिव्हाइसच्या खाली दोराला एक गाठ मारायची. डिव्हाइस सरकलंच, तर ते गाठीशी अडेल. दोराच्या शेवटच्या टोकालाही गाठ हवीच. दोर जमिनीपर्यंत पोहोचतो असा नुसता अंदाज बांधून उतरणारे टोकावरून निसटतात.

हार्नेसमध्ये, म्हणजे कमरेला-मांड्यांना बांधलेल्या पट्ट्यांत, स्थिर लटकलं की थोड्याच वेळात मांड्या बधिर व्हायला लागतात. बराच वेळ काम असेल तर बसायला छोटी फळी किंवा पट्ट्याचं आसन लावतात आणि पाय सतत हलवत ठेवतात. यात आराम हा भाग कमी आहे. पाय अजिबात न हलवता लटकलेल्या माणसाच्या पायांत रक्त साचतं, त्याला भोवळ येऊ शकते, आणि बेशुद्ध माणसाला दोरावरून सोडवणं हे एकट्यादुकट्याचं काम नव्हे.

आता सगळ्यात महत्त्वाचा नियम. आरोहक खाली आहे, म्हणजे वरून जे पडेल ते तिच्यावर पडेल. २० मीटरवरून सुटलेली लेन्स खाली पोहोचते तेव्हा तिचा वेग ताशी ७० किलोमीटर असतो, आणि ७०–२०० मिलिमीटरची, दूरचं जवळ आणणारी लेन्स अनेकदा एक किलोहून जड असते. म्हणून लेन्सची झाकणं खालीच ठेवून यायचं. कॅमेऱ्याला दोन बंध, एक गळ्यात आणि एक हार्नेसला. दोरावर लेन्स बदलायची वेळ येऊ नये म्हणून दोन कॅमेरे, एकावर रुंद दृश्य टिपणारी १६–३५, दुसऱ्यावर ७०–२००. बदलावीच लागली तर हार्नेसला अडकवलेल्या बॅगेच्या आत हात घालून. सुटे दगड मात्र ती कड्याच्या पायथ्याशी यायच्या आधी, उतरतानाच काढून टाकायचे. तिच्या डोक्यावर नंतर केलेली साफसफाई काय कामाची?

[दृश्य: पहिलं ऊन कड्याच्या डाव्या अंगावर. आरोहक खडकात पक्क्या केलेल्या पहिल्या बोल्टपाशी.]

तिरपं ऊन कड्यावर फार तर अर्धा तास टिकतं. तेवढ्यात खडकाचा प्रत्येक उंचवटा सावली टाकतो. नंतर सगळं सपाट. हा अर्धा तास नेमका कधी, हे आदल्या दिवशीच्या रेकीत, म्हणजे जागेच्या पाहणीत, ठरलेलं असतं. त्यासाठी कडा कोणत्या दिशेला तोंड करून आहे, त्या तारखेला सूर्य कुठून येतो आणि समोरच्या डोंगराची सावली किती वाजता हटते, एवढं कळलेलं पुरतं.

कपड्यांचा रंगही तेव्हाच ठरतो. करड्या खडकावर करडं जॅकेट म्हणजे फोटोतून माणूस पुसून टाकणं. लाल, पिवळा, नारिंगी चालतो. काळा सावलीत बुडतो.

संथ चढाईला १/५०० सेकंदाचा शटर-वेग पुरतो. झेप किंवा पडणं टिपायचं असेल तर १/१००० किंवा त्याहून वेगवान. उसळत्या पाण्यातली कयाक आणि हवेतली सायकल यांना १/२०००. उलट वेग दाखवायचा असेल तर १/३० ते १/६० वर कॅमेरा विषयाबरोबर फिरवायचा आणि दहातले नऊ फोटो वाया जाणार हे धरूनच चालायचं. एक्स्पोजर, म्हणजे फोटोत किती उजेड घ्यायचा ते, उजळ भागावर बेतायचं. सावलीतला तपशील रॉ, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या, फाइलमधून बराच वर काढता येतो. पांढरं पडलेलं आकाश परत येत नाही.

आणि बोलायचं नाही. अवघड टप्प्यावर असलेल्या माणसाला 'जरा इकडे बघ' म्हणणारा फोटोग्राफर पुन्हा बोलावला जात नाही. पोझ हवी असेल तर ती चढाई पूर्ण झाल्यावर, वरून दोर लावून, तोच टप्पा पुन्हा करून घ्यायचा. या धंद्यातले कितीतरी गाजलेले फोटो असेच दुसऱ्या फेरीतले असतात, आणि त्यात लपवण्यासारखं काही नाही. अट एवढीच की वार्तांकनासाठी देताना फोटोओळीत तसं लिहायचं.

[दृश्य: जुनी छायाचित्रं. हाफ डोमची उभी भिंत.]

दोरावर काम करता येणं हीच या व्यवसायातली पहिली पात्रता, हे फार आधी सिद्ध झालं आहे. १९७२ मध्ये गॅलन रॉवेल या अमेरिकन आरोहकाने आपला मोटारदुरुस्तीचा धंदा विकला आणि पूर्णवेळ फोटोग्राफी पत्करली. १९७३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी राष्ट्रीय उद्यानातल्या हाफ डोम या कड्याच्या वायव्य भिंतीवर तिघांनी खडकात खिळे न ठोकता चढाई केली; रॉवेल त्या तिघांतला एक होता. त्या चढाईची कथा १९७४ मध्ये नॅशनल जिऑग्राफिकने छापली. तिथे पोहोचू शकणाऱ्याच्याच हातात कॅमेरा होता.

[दृश्य: तंबू. मांडीवर लॅपटॉप, शेजारी दोन छोट्या ड्राइव्ह.]

संध्याकाळचं काम कंटाळवाणं असतं आणि बहुतेक नुकसान तिथेच होतं. ४५ मेगापिक्सेल कॅमेऱ्याची एक रॉ फाइल साधारण ५० एमबी धरा. दिवसाला २,००० फोटो म्हणजे १०० जीबी. सहा दिवसांच्या मोहिमेत ६०० जीबी, आणि हे सगळं किमान दोन ठिकाणी. एक टीबीच्या एकाच ड्राइव्हवर विसंबून निघालेल्याकडे जागा असते, सुरक्षितता नसते.

पीटर क्रोग या छायाचित्रकाराने रूढ केलेला ३-२-१ चा नियम इथेही लागू आहे. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक दुसऱ्या जागी. डोंगरात 'दुसरी जागा' म्हणजे दुसऱ्या माणसाची सॅक. कॅमेऱ्यात दोन्ही कार्डांवर एकाच वेळी फोटो जातील असं सेटिंग ठेवायचं. प्रती तयार झाल्या, त्या उघडून पाहिल्या, मगच कार्ड पुसायचं. घाईत नेमकं हे मधलं पाऊल गळतं.

थंडीत बॅटरी लवकर मान टाकते. बॅटऱ्या आतल्या खिशात, अंगाशी ठेवायच्या. 'संपलेली' बॅटरी ऊब मिळाल्यावर आणखी काही फोटो देऊन जाते. आणि गार कॅमेरा थेट उबदार तंबूत न्यायचा नाही, कारण आतल्या दमट हवेतलं पाणी भिंगावर आणि सर्किटवर जमतं. बाहेर असतानाच तो हवाबंद पिशवीत घालायचा, हवा दाबून काढायची आणि आत नेल्यावर तासभर तरी पिशवी उघडायची नाही. कार्ड मात्र आधी काढून घ्यायचं, नाहीतर संध्याकाळचं काम खोळंबतं.

[दृश्य: टेबल. कॅटलॉगची पानं, करारावर पेन्सिलच्या खुणा.]

इथून पुढे डोंगर नाही. पोट मात्र इथेच भरतं.

बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, फोटो विकला जातो. विकली जाते ती वापराची परवानगी. १८८६ मध्ये झालेल्या बर्न या आंतरराष्ट्रीय कॉपीराइट करारानुसार, त्याच्या सदस्य देशांत छायाचित्रावरचा हक्क ते निर्माण होताच आपोआप मिळतो. नोंदणीची अट नाही. तो हक्क स्वतःकडे ठेवून वापराचे तुकडे देत राहणं, हा हा धंदा. तुकडा चार प्रश्नांनी आखला जातो. कोणत्या माध्यमात? कोणत्या प्रदेशात? किती काळ? आणि तेवढ्या काळात हा फोटो दुसऱ्या कुणाला देता येईल की नाही? सहा महिने फक्त समाजमाध्यमांवर आणि दोन वर्षं जगभर, खोक्यावर छापून, शिवाय इतर कुणालाही न देण्याच्या अटीवर, हे एकाच फोटोचे दोन पार वेगळे सौदे आहेत.

नवख्यांचा घात 'सर्व माध्यमांत, जगभर, कायमस्वरूपी' या ओळीने होतो. ती करारात खाली कुठेतरी, निरुपद्रवी चेहऱ्याने बसलेली असते. तिच्यावर सही करायला कायद्याची ना नाही, पण मग किंमत त्या फोटोच्या उरलेल्या सगळ्या आयुष्याची लावायला हवी. 'परवाना' आणि 'हक्कांचं हस्तांतरण' हे दोन शब्द करारात शोधून पाहायचे. दुसरा सापडला तर थांबायचं.

कोटेशनमध्ये तीन वेगळ्या ओळी हव्यात, कामाचं मानधन, वापराचं शुल्क आणि खर्च. एकच ठोक आकडा दिला की घासाघीस त्या आकड्यावर होते आणि नेमकं काय कमी झालं ते कुणालाच कळत नाही. ओळी वेगळ्या असल्या तर उत्तर सोपं असतं. दर कमी हवा? मग दोन वर्षांऐवजी एक वर्ष. रेकीचा दिवस, प्रवासाचा दिवस, फोटो निवडण्याचे आणि सुधारण्याचे दिवस, सगळे लिहायचे. पावसात अडकून बसलेला दिवसही. त्याचं निम्मं मानधन मागण्याचा प्रघात आहे, पण तो आधी लिहिलेला असेल तरच. निघण्यापूर्वी निम्मी रक्कम आणि प्रवासखर्च खात्यात हवा. नाहीतर फोटोग्राफर आपल्या पैशाने कंपनीला बिनव्याजी कर्ज देतो.

दिवसाचा दर काढताना वर्षाचा खर्च ३६५ ने भागण्याची चूक सर्रास होते. बिल लावता येईल असे दिवस वर्षाला सत्तर मिळाले, तर भागायचं सत्तरने. आणि खर्चात कॅमेऱ्याची झीज, निवृत्त होणारे दोर, विमा आणि कर धरायचे. विम्याच्या कागदातली वगळलेल्या गोष्टींची यादी आधी वाचायची: हौशी वापरासाठीची पॉलिसी व्यावसायिक काम नाकारते, आणि बऱ्याच पॉलिसी दोरावरचं काम किंवा ठरावीक उंचीपुढचं काहीच झाकत नाहीत.

[दृश्य: पडद्यावर फोटो. आरोहकाच्या हेल्मेटवरचं बोधचिन्ह मोठं होत जातं.]

हा फोटो उत्तम आहे आणि तरी पडून राहील. जॅकेट एका कंपनीचं, हेल्मेट तिच्या स्पर्धक कंपनीचं. जॅकेटवाली कंपनी तो जाहिरातीत वापरणार नाही. अडचणी इतरही असतात. ओळखू येणाऱ्या व्यक्तीची लेखी संमती नसेल, तर वार्तांकनात फोटो सहसा चालतो, जाहिरातीत नाही. राखीव जंगलात व्यावसायिक चित्रणाची परवानगी घेतली नसेल, तर कंपनीचा वकील तो मागे पाठवतो. संमतिपत्रावर सही चढाईच्या आधी घ्यायची. नंतर सगळे दमलेले असतात आणि कागद सॅकच्या तळाशी असतो. आरोहकाचे स्वतःच्या प्रायोजकांशी करार असतात, तेही विचारायचे. आणि तिला मानधन द्यायचं. तिच्या बोटांवर हा फोटो उभा आहे.

कंपन्यांचं पंचांग उलटं चालतं. पुढच्या हिवाळ्याचे कपडे या हिवाळ्यात चित्रित होतात. ते अजून कारखान्यात तयार व्हायचे असतात. हाती येतात नमुने, बहुतेकदा एकाच मापाचे. त्यामुळे आरोहक निवडताना तिला ते जॅकेट बसेल का, हा प्रश्न तिच्या कौशल्याइतकाच वजनदार ठरतो. ऐकायला हास्यास्पद आहे. चित्रीकरणं यावरून रद्द होतात.

मांडणीचाही हिशेब असतो. मुखपृष्ठासाठी उभा फोटो, वर मासिकाच्या नावापुरतं मोकळं आकाश. दुपानी चित्रात चेहरा मधोमध आला तर तो बांधणीच्या शिवणीत जातो. म्हणून एकाच क्षणाच्या आडव्या, उभ्या, माणूस डावीकडे, माणूस उजवीकडे अशा चौकटी घेऊन ठेवायच्या. ८,२५६ बाय ५,५०४ पिक्सेलची पूर्ण फाइल इंचाला ३०० पिक्सेलने छापली तर साधारण ७० बाय ४७ सेंटीमीटर भरते. नंतर कापून उभी केली की ती निम्म्याहूनही लहान होते.

[दृश्य: संगणकावर दिनदर्शिका. एका तारखेवर लाल खूण.]

निवडलेल्या प्रत्येक फाइलमध्ये फोटोओळ, तारीख, नावं आणि परवाना संपण्याची तारीख लिहिलेली असते. तीच तारीख दिनदर्शिकेतही असते, महिनाभर आधीच्या आठवणीसह.

दोन वर्षांनी ती तारीख उलटते. फोटो कंपनीच्या संकेतस्थळावर तसाच असतो. मुद्दाम नव्हे, ज्याने करार केला तो माणूस नोकरी सोडून गेलेला असतो आणि नव्याला काही ठाऊक नसतं. फोटोग्राफर पडद्याचा स्क्रीनशॉट घेतो, त्यावर तारीख दिसेल असा. मग चार ओळींची मेल जाते. फाइलचा क्रमांक, परवाना संपल्याचा दिवस, आणि दोन पर्याय: चौदा दिवसांत फोटो काढून घ्यावा किंवा मुदत वाढवावी. सोबत दुसऱ्या पर्यायाचं कोटेशन जोडलेलं असतं.