चॅट्सवर्थ: वाडा राहू द्या, पाणी बघा

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय ‘इंग्लंडमधला एक वाडा आणि त्याचं पाणी’. वाड्याचं दोन वाक्यांत उरकतो. डर्बीशायरमधलं चॅट्सवर्थ म्हणजे डेव्हनशायरच्या ड्यूकांचं घर. छतभर चित्रं, सोनेरी चौकटी, सगळं दोरीच्या अलीकडून बघायचं. मी उभी नोकरी पाटबंधाऱ्यात काढली. मला छताआधी पाइप दिसतो.

आमच्या टूरवाल्यांनी तिथे दीड तास दिला होता. दीड तास! त्यातली वीस मिनिटं स्वच्छतागृहाच्या रांगेत गेली, पंधरा एका काकांची माकडटोपी शोधण्यात. टोपी काकांच्याच खिशात निघाली. (हशा) उरलेल्या वेळात दुकानात चला, असा टूर मॅनेजरचा आग्रह. मी आणि सौ. गुपचूप बागेत सटकलो.

तर पाणी. पण समोर सगळे जळगावकर बसलेत, तेव्हा आधी केळी. तुमच्या शेतातली बसराई घ्या किंवा जी-नाईन घ्या, दोन्ही कॅव्हेंडिश गटातल्या. हे कॅव्हेंडिश म्हणजे या ड्यूकांचं आडनाव! तिथला मुख्य माळी जोसेफ पॅक्स्टन. त्याने मॉरिशसकडून आलेलं एक रोप काचघरात, शेकोटीच्या उबेवर वाढवलं. 1835 च्या नोव्हेंबरात ते निसवलं, म्हणजे फुलावर आलं. डर्बीशायरच्या थंडीत, मंडळी! आपल्याकडे जानेवारीत पारा घसरला की बागायतदाराचा जीव वरखाली होतो. पुढे तिथली रोपं मिशनऱ्यांनी सामोआपर्यंत नेली, आणि पनामा या मर रोगाने ग्रो मिशेल ही तेव्हा बाजारात चालणारी केळीची जात झोपवल्यावर जगाचा बाजार कॅव्हेंडिशने धरला. केळी त्याआधीही आपल्याकडे होती, हे मला ठाऊक आहे. मागच्या रांगेतून हात वर करू नका.

हा पॅक्स्टन शेतकऱ्याचा पोरगा. 1826 साली, वय बावीस, पहाटे साडेचारला कामावर हजर. फाटक बंद, म्हणून गडी भिंतीवरून आत. बाग फिरून झाली, सहाला माणसं कामाला लावली, कारंजी चालवून बघितली आणि मग घराची व्यवस्था बघणाऱ्या बाईंकडे न्याहारीला गेला. तिथे बाईंची भाची होती. नऊच्या आत लग्नाचंही ठरल्यात जमा! आमच्या खात्यात नऊपर्यंत कार्यालयाचं कुलूप निघत नसे. (हशा) पुढे याच माळ्याने लंडनचा क्रिस्टल पॅलेस उभारला...

अध्यक्षांची चिठ्ठी आली. सात मिनिटं. बरं.

भराभर सांगतो. रशियाचा झार निकोलस येणार म्हणून 1844 साली पॅक्स्टनने सम्राट कारंजं बांधलं. मशाली लावून रात्रीसुद्धा खोदकाम. मंत्र्यांच्या दौऱ्याआधी आपल्याकडे डांबर पडतं, तसंच. झार इंग्लंडला आला, पण चॅट्सवर्थला फिरकला नाही. कारंजं राहिलं. त्याला पंप नाही! वर टेकडीवर आठ एकरांचं तळं खणलं, कारंज्यापेक्षा साधारण 350 फूट उंच. धार चढली 296 फूट. मधले पन्नासेक फूट घर्षणाने आणि हवेने खाल्ले. हिशेब चोख आहे. त्याच टेकडीवरच्या पाण्यावर 1893 पासून टर्बाइन फिरलं आणि वाड्यात विजेचे दिवे लागले.

त्याहून जुना दगडी पायऱ्यांचा धबधबा, सतराव्या शतकाच्या अखेरचा. पायऱ्या मुद्दाम एकसारख्या नाहीत, म्हणून पाण्याचा आवाज टप्प्याटप्प्याला बदलतो. सौ.ने चपला काढून पाय बुडवले आणि म्हणाली, “अहो, इथे खळखळतंय, तिथे नुसतं सळसळतंय.” आम्ही गेलो तेव्हा तो वाहत होता.

माझा मुद्दा एवढाच होता, की तिथलं ‘नैसर्गिक’ दिसणारं सगळं केलेलं आहे. समोरचं हिरवं माळरान 1760 च्या दशकात कॅपेबिलिटी ब्राउन या बागरचनाकाराने बेतलं. एडेन्सर गावातली नजरेत येणारी घरं पाडून गाव पलीकडे बसवलं. आपण धरणासाठी गावं उठवली, त्यांनी देखाव्यासाठी. पुनर्वसनावर खरं तर अर्धा तास बोलणार होतो, ते आता राहिलं.

आणि ते वरचं तळं? निम्मा चढ चढलो होतो, तेवढ्यात खालून मॅनेजरचा फोन आला, बस सुटतेय. तळं मी अजून पाहिलेलं नाही.