तलवारीची गोष्ट बाजूला ठेवू: जपानी गोल्फ क्लबचं नाव कशामुळे झालं?

नमस्कार मंडळी.

1997 साली टायगर वूड्सने ऑगस्टाला मास्टर्स जिंकली. वय 21, आणि दुसऱ्या क्रमांकावरच्या खेळाडूपेक्षा तब्बल 12 फटके पुढे. त्याचा क्लबचा करार एका अमेरिकी कंपनीशी होता, पण बॅगेतले आयर्न क्लब होते मिझुनोचे. ओसाकात 1906 साली सुरू झालेली ही जपानी कंपनी. करारात कोट्यवधी डॉलर मिळत असतानाही तो हाताला बसलेले आयर्न सोडायला तयार नव्हता.

जपानी क्लबचं नाव निघालं की असे किस्से येतातच. आणि त्यांच्यामागोमाग येतो सामुराई. बहुतेक जाहिरातींत तेच चित्र: भट्टी, ठिणग्या, तलवार, आणि मग तलवारीतून उगवणारा सात नंबरचा आयर्न. आज मला याच चित्राबद्दल बोलायचंय. जपानी कारागिरी खरी आहे, मी तिचा मनापासून चाहता आहे, आणि म्हणूनच तिचं श्रेय चुकीच्या गोष्टीला जाताना बघवत नाही.

गोल्फ न खेळणाऱ्यांसाठी आधी दोन शब्द. खेळाडूच्या बॅगेत जास्तीत जास्त 14 क्लब असतात. लांब मारायला ड्रायव्हर, छिद्राजवळ ढकलायला पटर, आणि मधल्या सगळ्या अंतरांसाठी आयर्न. आयर्नचं डोकं, म्हणजे हेड, धातूचं असतं. ते दोन प्रकारे बनतं: ओतीव आणि घडीव. ओतीव म्हणजे धातू वितळवून साच्यात ओतायचा. घडीव म्हणजे पोलादाचा गज तापवून लालबुंद करायचा आणि मोठ्या प्रेसच्या घणाखाली, साच्यात, ठोकून आकाराला आणायचा. जपानचं नाव झालं ते या घडीव आयर्नमुळे.

(स्क्रीनवर: कापलेल्या गजापासून तयार हेडपर्यंतचे टप्पे, एका ओळीत मांडलेले)

आता तलवार आणि आयर्न शेजारी ठेवून बघू. जपानी तलवारीची धार भरपूर कार्बन असलेल्या कडक पोलादाची असते. ती घडी घालून पुन्हा पुन्हा ठोकतात आणि शेवटी तापवून पाण्यात बुडवतात, म्हणजे धार टणक होते. घडीव आयर्नचं पोलाद याच्या अगदी उलट असतं. एस-20-सी, एस-25-सी अशी नावं तुम्ही क्लबच्या माहितीत वाचली असतील. त्यातला आकडा कार्बन सांगतो: सुमारे 0.20 टक्के, सुमारे 0.25 टक्के. म्हणजे मऊ पोलाद. त्याला पाणी देऊन टणक करत नाहीत. ते इतकं मऊ ठेवतात की तयार हेडची मान पकडीत धरून एक-दोन अंश वाकवता येते, खेळाडूच्या मापाप्रमाणे. गंजू नये म्हणून वर निकेल-क्रोमचा मुलामा. तलवार बनवणाऱ्याला जे टाळायचं असतं, नेमकं तेच आयर्न बनवणाऱ्याला हवं असतं.

मग हे कौशल्य आलं कुठून?

ह्योगो प्रांतात हिमेजीच्या उत्तरेला इचिकावा नावाचं छोटं गाव आहे. जपानमधला पहिला देशी आयर्न हेड तिथे घडला असं मानतात, 1930 च्या आसपास. हिमेजी किल्ल्याचं शहर, तिथे चिलखतं आणि हत्यारं बनवणारी घराणी होती हे खरं. पण 1876 मध्ये सरकारने सार्वजनिक ठिकाणी तलवार बाळगायला बंदी केली, आणि देशभरच्या लोहारांना विळे, कोयते, सुऱ्या, शेतीची अवजारं यांवर पोट भरावं लागलं. शेजारचं मिकी हे गाव तर सुतारकामाच्या हत्यारांसाठी आजही प्रसिद्ध आहे. 1932 मध्ये त्याच मिकीत हिरोनो गोल्फ क्लब उघडला, चार्ल्स ॲलिसन या इंग्रज आर्किटेक्टने आखलेला, आजही जपानच्या सर्वोत्तम कोर्समध्ये गणला जाणारा. म्हणजे एकीकडे परदेशी क्लब वापरणारे श्रीमंत खेळाडू, दुसरीकडे काही मैलांवर कुठलीही लोखंडी वस्तू बघून तशीच घडवून देणारे लोहार. मला या विळे-कोयत्यांच्या इतिहासाचा सामुराईपेक्षा जास्त अभिमान वाटतो. रोज शेतात वापरायचं अवजार वाईट निघालं तर शेतकरी ते दुसऱ्या दिवशी परत आणून देतो, आणि लोहाराला ते निमूट दुरुस्त करावं लागतं. अशा गिऱ्हाइकाच्या हाताखाली तयार झालेलं कौशल्य आहे हे.

याच परिसरातून कात्सुहिरो मिउरा पुढे आले. 1977 मध्ये त्यांनी मिउरा गिकेन ही कंपनी काढली. जपानी गोल्फ जगात लोक त्यांच्या हातांना देवाचे हात म्हणतात. मिउराची एक पद्धत मला फार आवडते. हेडचा मुख्य भाग ते वेगळा घडवतात, आणि क्लबची दांडी, म्हणजे शाफ्ट, ज्यात बसते ती नळी, म्हणजे होझल, नंतर जोडतात. जोडायचं कसं? एक भाग स्थिर धरायचा, दुसरा प्रचंड वेगाने फिरवत त्यावर दाबायचा. घर्षणानेच दोन्ही तापतात आणि एकजीव होतात. होझल मधे नसल्यामुळे मुख्य भागावर घणाचा दाब सगळीकडे सारखा पडतो, हे त्यामागचं कारण.

मिझुनोची पद्धत नेमकी उलटी. त्यांचे आयर्न 1968 पासून हिरोशिमातल्या चुओ कोग्यो या कारखान्यात घडतात, आणि तिथे आग्रह असा की एकाच गजातून होझलसकट अख्खं हेड घडलं पाहिजे, म्हणजे पोलादातले धागे मानेपासून टोकापर्यंत अखंड वळत जातील. दोघेही जपानी, दोघेही नावाजलेले, आणि एकाची श्रद्धा दुसऱ्याला अमान्य. 'जपानी पद्धत' म्हणून एकच काहीतरी आहे असं कुणी सांगितलं, तर ही जोडी आठवा.

तिसरं ठिकाण निइगाता प्रांतातलं त्सुबामे. शिनानो नदीच्या पुराने पिकं बुडायची, म्हणून सतराव्या शतकात तिथल्या शेतकऱ्यांनी जोडधंदा म्हणून खिळे बनवायला घेतले. पुढे तांब्याची भांडी, तंबाखू ओढायच्या नळ्या, आणि विसाव्या शतकात काटे-चमचे. दुसऱ्या महायुद्धानंतर त्सुबामेचे स्टेनलेस चमचे अमेरिकेत इतके खपले की 1959 मध्ये अमेरिकेने त्यांच्या आयातीवर कोटा लावला. पुढे या गावाने ठोकायच्या आणि चमकवायच्या हुनराला नवनवी कामं शोधली. पहिल्या आयपॉडची आरशासारखी पाठ आठवते? ती याच गावच्या पॉलिशवाल्यांनी चमकवलेली. आणि इथलीच एंडो कंपनी आज घडीव हेडसाठी जगात अव्वल मानली जाते. एपॉन हा त्यांचा स्वतःचा ब्रँड, पण त्यांनी दुसऱ्या कंपन्यांसाठी घडवलेले क्लब कितीतरी जास्त लोकांच्या हातात आहेत, त्यात अमेरिकी नावंसुद्धा आली. एंडोचा घडाईचा कारखाना थायलंडमध्येही आहे. म्हणजे क्लबवर 'मेड इन जपान' लिहिलंय की नाही एवढ्यावरून तो कुणाच्या हातचा आहे हे कळत नाही.

आता त्या हातांकडे येऊ, कारण माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं काम घणाखाली होतच नाही. प्रेसमधून बाहेर आलेलं हेड जाड, खडबडीत आणि मुद्दाम जास्त वजनाचं असतं. ते फिरत्या पट्ट्यावर घासून माणूस अंतिम आकाराला आणतो. खालची कड किती गोल, वरची कड किती पातळ, टाच कुठे संपते, हे बहुतेक डोळ्याने आणि बोटाने ठरतं, आणि प्रत्येक वेळी तराजूवर वजन. सात नंबरच्या आयर्नचं हेड साधारण 270 ग्रॅमचं. त्यात दोन ग्रॅमचा फरक पडला तर क्लब फिरवताना जाणवणारं वजन एका पायरीने बदलतं, आणि चांगल्या खेळाडूला ते कळतं. म्हणजे घासणाऱ्याने आकारही साधायचा आणि ग्रॅमही, एकाच वेळी. कारण घासून गेलेलं पोलाद परत येत नाही. संचातले सगळे आयर्न ओळीने ठेवले की एकाच कुटुंबातले दिसले पाहिजेत, हेही त्याच माणसावर.

'घडीव क्लब मऊ लागतो' हे वाक्य तुम्ही शंभरदा ऐकलं असेल. थोडं भौतिकशास्त्र बघू. चेंडू आणि हेडचा चेंडूला लागणारा सपाट भाग, म्हणजे फेस, यांची गाठ पडते साधारण अर्धा मिलिसेकंद. फटक्याची कंपनं हातातून मेंदूपर्यंत पोचेपर्यंत चेंडू केव्हाच हवेत गेलेला असतो. आपण ज्याला मऊपणा म्हणतो त्यात आवाजाचा वाटा फार मोठा असतो. कान बंद करून मारलेले फटके वेगळेच वाटतात, स्वतः करून बघा. मिझुनोचे अभियंते म्हणूनच हेडची जाडी ठरवताना कंपनांचा आणि स्वराचा अभ्यास करतात. धातू मऊ आहे म्हणून चेंडू जास्त लांब किंवा जास्त सरळ जात नाही. पण ठोक्याचा आवाज प्रत्येक वेळी खरं सांगत असेल, मधोमध बसला तर एक आणि बाजूला बसला तर दुसरा, तर खेळाडू त्यातून शिकतो. ही माझ्या लेखी फार मोठी गोष्ट आहे.

हेडवर एवढं बोललो, पण जपानचा खरा दबदबा कदाचित शाफ्टमध्ये आहे. 1960 च्या सुमारास ओसाकाच्या सरकारी संशोधन संस्थेत अकिओ शिंदो यांनी ॲक्रिलिक धाग्यापासून कार्बन फायबर बनवण्याची वाट दाखवली. तोरे कंपनीने 1971 मध्ये व्यापारी उत्पादन सुरू केलं, पण एवढा महाग धागा घेणार कोण? विमानवाले अजून चाचपडत होते. 1972 मध्ये गे ब्रूअर या अमेरिकी खेळाडूने जपानमधली ताइहेइयो मास्टर्स काळा कार्बन शाफ्ट वापरून जिंकली, आणि जपानभर त्या काळ्या शाफ्टला मागणी आली. गोल्फ आणि मासेमारीच्या गळकाठ्या, यांनी या धाग्याला सुरुवातीची वर्षं जगवलं.

कार्बन शाफ्ट बनतो कसा? राळेत भिजवलेल्या धाग्यांचे पातळ पत्रे वेगवेगळ्या कोनांत कापतात आणि बारीक सळईभोवती, अळूवडीसारखे, थरावर थर गुंडाळतात. कुठला थर कुठे सुरू होतो, धागा कुठल्या कोनात, यावर शाफ्ट कुठे वाकेल आणि किती पिळवटेल हे ठरतं. मग भट्टीत भाजायचं, सळई ओढून काढायची, घासायचं. फुजिकुरा, मित्सुबिशी, चिचिबूची ग्राफाइट डिझाइन: अमेरिकी दौऱ्यावरच्या कितीतरी ड्रायव्हरमध्ये यांचेच शाफ्ट दिसतात. स्टीलमध्ये निप्पॉन शाफ्ट. ही गाड्यांच्या स्प्रिंग बनवणाऱ्या उद्योगसमूहातली कंपनी. 1999 मध्ये त्यांनी 950 नावाचा शाफ्ट आणला, 100 ग्रॅमच्या आतला. तेव्हाचे नेहमीचे स्टील शाफ्ट 120 ग्रॅमच्या पुढे असायचे. चाळिशी-पन्नाशीतल्या हौशी खेळाडूला त्याने स्टील परत मिळवून दिलं.

पैशाबद्दल एकच उदाहरण. नोव्हेंबर 2016 मध्ये शिंझो आबे ट्रम्प यांना भेटले तेव्हा त्यांनी होनमा या जपानी कंपनीचा सोनेरी ड्रायव्हर भेट दिला, किंमत साडेतीन हजार डॉलरच्या वर. होनमाचा कारखाना यामागाता प्रांतात साकाताला आहे, काम देखणं. पण हीच कंपनी 2005 मध्ये दिवाळखोरीत गेली होती आणि 2010 पासून तिची मालकी चिनी उद्योगपतीकडे आहे. सोन्याचा मुलामा फटका सुधारत नाही. तो वेगळ्या गिऱ्हाइकासाठी असतो, आणि तसा घ्यायलाही हरकत नाही, माहीत असलं म्हणजे झालं.

आता तुमच्यापैकी जे चेंबूरला किंवा येरवड्याला खेळतात आणि जपानहून येणाऱ्या नातेवाइकाकडून सेट मागवायच्या विचारात आहेत, त्यांच्यासाठी. जपानी बाजारातल्या हौशी खेळाडूंच्या सेटमध्ये सात नंबरचा लॉफ्ट, म्हणजे फेस मागे कललेला असतो तो कोन, बऱ्याचदा 26 ते 28 अंश असतो, पारंपरिक पातळ आयर्नमध्ये, म्हणजे ब्लेडमध्ये, 34 च्या आसपास. अंश कमी तर फटका लांब. त्यामुळे 'जपानी सात नंबर वीस यार्ड लांब जातो' यात कारागिरीपेक्षा अंशांचा हात मोठा आहे. लॉफ्ट विचारा, नंबर नको. शाफ्टचं वजन विचारा. होनमा आणि मिउराच्या नकला बाजारात भरपूर आहेत, तेव्हा अनोळखी विक्रेत्याकडून स्वस्तात घेऊ नका. आणि सेट हातात आल्यावर थेट फिटरकडे, म्हणजे क्लब मापाला बसवून देणाऱ्याकडे जा, उंची आणि हाताच्या मापाप्रमाणे लाय अँगल, म्हणजे शाफ्टचा जमिनीशी होणारा कोन, वाकवून घ्या. पोलाद मऊ ठेवलंय ते त्यासाठीच.