वाडीची शाळा कुणाच्या हाती?

(चिपळूण येथे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महोदय, वाचनालयाचे कार्यकर्ते, आणि एवढ्या पावसातून आलेल्या सगळ्यांना नमस्कार.

सरकारी शाळांवर ताबा कुणाचा असावा, दिल्लीचा की गावाचा, असा विषय मला दिला आहे. आधी शिक्षिका आणि मग केंद्रप्रमुख म्हणून माझी सगळी नोकरी जिल्हा परिषदेच्या शाळांत गेली. त्यामुळे मी तटस्थ नाही, हे आधीच सांगते. वाडीतली शाळा राहावी असं मला मनापासून वाटतं. पण 'गावाकडे द्या, सगळं ठीक होईल' असं म्हणणाऱ्यांतलीही मी नाही. का नाही, ते सांगते.

हा प्रश्न कोकणातल्याच एका माणसाने शंभर वर्षांपूर्वी देशापुढे मांडला होता. गोपाळ कृष्ण गोखले आपल्या गुहागर तालुक्यातल्या कोतळूकचे. १६ मार्च १९११ रोजी त्यांनी केंद्रीय कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मांडलं. सहा ते दहा वर्षांच्या मुलांना शाळा सक्तीची करायची की नाही, हे नगरपालिकेने किंवा जिल्हा बोर्डाने सरकारच्या मंजुरीने ठरवायचं. खर्चाचा एक तृतीयांश स्थानिक संस्थेने उचलायचा, दोन तृतीयांश सरकारने. निर्णयाची सुरुवात खालून आणि पैशाचा मोठा भार वर, अशी ती मांडणी होती. पुढच्या वर्षी विधेयक १३ विरुद्ध ३८ मतांनी पडलं. १९१८ साली विठ्ठलभाई पटेलांच्या कायद्याने मुंबई इलाख्यातल्या नगरपालिकांना सक्तीचा अधिकार मिळाला, आणि १९२३ च्या कायद्याने प्राथमिक शाळांचा कारभार स्थानिक मंडळांकडे गेला.

त्याच १९२३ सालच्या ऑगस्टमध्ये मुंबईच्या कायदे कौन्सिलात सी. के. बोले यांचा ठराव संमत झाला. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा आणि सार्वजनिक शाळासुद्धा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात, असा तो ठराव. महाडच्या नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये त्यानुसार आपलं तळं खुलं केलं, पण कागदावर. २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि हजारो माणसं त्या तळ्याचं पाणी प्यायली, आणि ऑगस्टमध्ये त्याच नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. ही गावातल्या माणसांचीच संस्था होती, कुणी गोरा साहेब नव्हता. त्या तळ्यावरचा हक्क शेवटी १९३७ साली मुंबईच्या उच्च न्यायालयात टिकला.

ही हकीकत मी मुद्दाम आधी सांगितली. विकेंद्रीकरणाची भाषणं आपण टाळ्या वाजवून ऐकतो, आणि आपल्याच रायगड जिल्ह्यातलं महाड विसरतो. मुलाला शाळेत घ्यायचं की नाही, कुठल्या बाकावर बसवायचं, त्याच्या ताटात काय पडायचं, हे गावाच्या मर्जीवर सोडता येत नाही. हा हक्क घटनेतच असला पाहिजे, आणि तो मोडला तर वरून कुणीतरी कान धरणारं असलं पाहिजे. शिक्षकांचा पगारही गावाच्या ऐपतीवर टाकता येत नाही. मंडणगडच्या ग्रामपंचायतीची घरपट्टी आणि नवी मुंबईचा मालमत्ता कर यांची तुलनाच होऊ शकत नाही. त्यामुळे हक्क आणि पैसा वरच्यांकडे राहावा, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

पण गेल्या काही वर्षांत वर नेमकं काय सरकलंय ते पाहा. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने शिक्षण राज्यसूचीतून समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदे करता येणाऱ्या विषयांत, गेलं. पुढे पंचायत राजची त्र्याहत्तरावी दुरुस्ती आली, आणि अकराव्या अनुसूचीतल्या २९ विषयांत प्राथमिक आणि माध्यमिक शाळा हा सतरावा विषय पंचायतींसाठी लिहिला गेला. दोन्ही एकाच घटनेत आहेत. एक वर ओढते, दुसरी खाली द्या म्हणते. प्रत्यक्षात पैसा समग्र शिक्षा या केंद्राच्या शालेय शिक्षणाच्या योजनेतून येतो, केंद्राचे साठ टक्के आणि राज्याचे चाळीस, आणि पैशामागोमाग अट येते. तमिळनाडूने पीएम श्री या केंद्राच्या आदर्श शाळांच्या योजनेचा करार केला नाही, तर २०२४-२५ चा त्यांचा समग्र शिक्षेचा निधी अडला आणि ते राज्य सर्वोच्च न्यायालयात गेलं. करारावर मतभेद सरकारांचे, आणि तोटा कुणा वेल्लूरच्या मुलाचा.

मात्र दिल्लीला दोष देऊन आपली सुटका नाही. पहिलीपासून तिसरी भाषा म्हणून हिंदी, हा १६ एप्रिल २०२५ चा शासन निर्णय दिल्लीचा नव्हता, मुंबईच्या मंत्रालयातला होता. लोक उठले, म्हणून २९ जूनला तो मागे घ्यावा लागला. पहिलीच्या वर्गात उभं राहणाऱ्या किती बाईंना कुणी आधी विचारलं होतं? दिल्लीशी बोलताना प्रत्येक राज्य स्वायत्ततेची बाजू घेतं, आणि जिल्हा परिषदेशी बोलताना तेच राज्य दिल्लीसारखं वागतं. १ मे १९६२ पासून महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आहेत आणि त्यांच्या शिक्षण समित्यांकडे शाळा आहेत. पण मार्च २०२२ मध्ये आपल्या जिल्हा परिषदांची मुदत संपली, तेव्हा निवडणुका न होता वर्षानुवर्षं प्रशासकच कारभार पाहत राहिले. त्या काळात वाडीतल्या पालकाने कुणाचं दार ठोठवायचं? सदस्यच नव्हता.

लांजा-राजापूरकडच्या सड्यावरची एखादी द्विशिक्षकी शाळा डोळ्यांसमोर आणा. पहिली ते पाचवी, पट अकरा-बारा. दुसऱ्या बाई तालुक्याला प्रशिक्षणाला गेलेल्या. खोली एक, इयत्ता पाच. तांदळाची पोती कोपऱ्यात फळीवर चढवलेली, कारण जुलैत जमिनीला ओल धरते. साडेदहाला निरोप येतो की माहिती आजच्या आज ऑनलाइन भरा. सड्यावर रेंज नाही. बाई छत्री उघडून कलमांच्या बागेच्या गडग्यापर्यंत चालत जातात, तिथे जेमतेम एक काडी येते. फोटो चढत नाही, पुन्हा चढवायचा. "बाई, तुम्ही जाऊन या, मी बसत्ये पोरांजवळ," असं म्हणून खिचडी शिजवणाऱ्या ताई डाव हातात घेऊन वर्गाच्या दारात बसतात. हे मी एका शाळेत नाही, कितीतरी शाळांत पाहिलं आहे. वर बसलेल्या माणसाला त्या बाईंनी भरलेला तक्ता दिसतो. तेवढा वेळ पोरांजवळ कोण बसलं होतं, हे त्या तक्त्यात कुठेच नसतं.

आता शिक्षकांचं बघा. पूर्वी जिल्ह्याची निवड जिल्ह्यात व्हायची. त्यात वशिला होता, पैसाही खाल्ला जायचा, म्हणून राज्याने परीक्षा आणि शिक्षकभरतीचं ऑनलाइन पवित्र पोर्टल आणलं. ते चुकलं असं मी म्हणणार नाही. पण झालं काय, बीडचा, सोलापूरचा हुशार मुलगा सिंधुदुर्गात रुजू होतो, आणि पहिल्या दिवसापासून आंतरजिल्हा बदलीची वाट बघतो. त्याला बोल लावू नका, त्याचे आईबाप तिकडे आहेत. पण बदलीची यादी लागली की आमच्या दुर्गम शाळा रित्या होतात, आणि आमच्याकडची डीएड झालेली मुलं-मुली आंबा-काजूच्या कारखान्यात कामाला जातात. परीक्षा राज्याने घ्यावी. गुणवत्तेची रेषा राज्याने आखावी. त्या रेषेच्या वर असलेल्यांतून कुणाला घ्यायचं, हे ठरवताना जिल्ह्यात राहण्याची तयारी धरायचा अधिकार जिल्हा परिषदेला द्यावा.

आणि शाळा बंद करण्याचा अधिकार? माझ्या लेखी सगळ्यांत मोठा प्रश्न हाच आहे. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या आधीच्या दहा वर्षांपेक्षा घटलेली दिसली. माणसं मुंबईला गेली, मुलं कमी झाली, पट कमी झाला. २०२३ साली वीसच्या आत पट असलेल्या राज्यातल्या जवळपास १५ हजार शाळांऐवजी समूह शाळा, म्हणजे अनेक छोट्या शाळा मिळून एक मोठी शाळा, करण्याचा विचार सरकारने मांडला. १५ मार्च २०२४ च्या निर्णयाने संचमान्यतेचे, म्हणजे पटावरून शिक्षकपदं ठरवण्याचे, निकष बदलले आणि छोट्या शाळांची शिक्षकपदं धोक्यात आली. शिक्षण हक्क कायद्याचं परिशिष्ट मात्र साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक द्या म्हणतं.

कमी पटाच्या शाळेत मूल एकटं पडतं, खेळायला जोडीदार मिळत नाही, हे खरं आहे. काही ठिकाणी पालकच म्हणतात, मोठ्या शाळेत न्या, गाडी द्या. तिथे खुशाल न्यावं. पण नकाशावरचे तीन किलोमीटर आणि कोकणातले तीन किलोमीटर एक नव्हेत. मधे पऱ्या, म्हणजे ओढा, असतो, त्यावरचा साकव पावसात वाहून गेलेला असतो, घाटीची वाट जंगलातून जाते. वाहतूक भत्ता देता म्हणता, पण वाडीपर्यंत रस्ताच नसेल तर गाडी कुठून येणार? सातवी-आठवीची मुलगी अशा वेळी घरी बसते. दहावीच्या निकालात कोकण विभाग राज्यात पहिला येतो, २०२५ ला ९८.८२ टक्के, म्हणून आपण पेढे वाटतो. त्यातली कितीतरी पोरं पहिली-दुसरीला याच दहा-बारा पटाच्या शाळांत अक्षरं गिरवायला शिकली.

महाराष्ट्रात गावातलं दारूचं दुकान बंद करायचं तर बायकांना मतदान करता येतं. निम्म्याहून अधिक जणींनी आडव्या बाटलीला मत दिलं की दुकान बंद. त्याच बायकांच्या वाडीतली शाळा बंद होते तेव्हा एकीचंही मत कायद्याने लागत नाही.

मग हा अधिकार ग्रामसभेला द्यायचा का? इथे मला पुन्हा महाड आठवतं. शाळा बहुधा कुणाची जाते? धनगरवाडीची, बौद्धवाडीची, डोंगरावरच्या कातकरी वस्तीची. ग्रामसभेत बहुमत मुख्य गावठाणाचं असतं, आणि गावठाणातली शाळा टिकवायची तर वरच्या वाडीची मुलं पटावर आलेली त्यांना हवीच असतात. त्यामुळे संमती हवी ती त्या वाडीची. असा दाखला आपल्याकडे आहे. आदिवासींच्या अनुसूचित भागातल्या पंचायतींचा पेसा कायदा १९९६ चा, त्याचे महाराष्ट्रातले नियम २०१४ चे. पालघर-ठाण्याच्या अनुसूचित भागात एखाद्या पाड्यालाही स्वतःचं गाव आणि स्वतःची ग्रामसभा मागता येते. शाळेपुरता तोच अधिकार रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या वाडीला मिळाला पाहिजे. तिथल्या पालकांनी, आणि त्यात निम्म्या बायका असाव्यात, लेखी होकार दिल्याशिवाय शाळेला कुलूप लागता कामा नये.

येत्या १५ ऑगस्टला ग्रामसभा आहे. तुमच्या पंचायतीत किती शाळा वीसच्या आतल्या आहेत, त्यांची यादी गटशिक्षणाधिकाऱ्यांकडून आधी मागून घ्या. त्या वाड्यांतल्या आयांना सभेला घेऊन जा, आणि ठराव त्यांनाच मांडू द्या. शब्दांसाठी अडू नका, मसुदा मी लिहून आणला आहे. सभा संपल्यावर टेबलापाशी या, प्रती तिथे ठेवल्या आहेत.