पेला न हिंदकळणारा घोडा

आजच्या भाषणाचा विषय आइसलँडच्या घोड्याचा आहे, पण सुरुवात माथेरानपासून करतो. त्याशिवाय माझ्या कमरेला न्याय मिळणार नाही.

दस्तुरी नाक्यावर घोडा केला. दिसायला राजबिंडा, कपाळावर पांढरा टिळा. घोडेवाला म्हणाला, "काका, एकदम गरीब जनावर." गरीब होतंच. पण थोड्या वेळाने ते दुडक्या चालीवर आलं आणि माझं व खोगिराचं भांडण सुरू झालं. मी खाली यायचो तेव्हा खोगीर वर यायचं. चष्मा नाकावरून तोंडात! बाजारापाशी उतरलो तेव्हा बायको म्हणाली, "घोड्यावरून आलात की उखळातून?" पुढचे चार दिवस मी उभ्याने जेवलो. (हसू नका, पहिल्या रांगेतले दोघे माझ्यासोबत होते.)

दुडक्या चालीत पुढचा एक आणि विरुद्ध बाजूचा मागचा एक असे तिरके दोन पाय एकदम उचलले जातात आणि मध्ये क्षणभर चारही पाय हवेत असतात. तो क्षण घोड्याला छान, आपल्याला महाग. आणि आपण घोडा बघतो कसा? रंग, कान, भोवरे, टिळा. सारंगखेड्याच्या यात्रेत किंमत ऐकून तोंडात बोटं घालणारे शंभर, रवाल, म्हणजे न उसळणारी, चाल बघून थांबणारे चार. माझी तक्रार एवढीच आहे: घोडा डोळ्यांनी घेतात, बसायचं मात्र पाठीने असतं.

मुलगी कोपनहेगनला असते, तिने मला आइसलँडला नेलं. समोर आला जेमतेम तेरा-चौदा मुठी उंचीचा (एक मूठ म्हणजे चार इंच) केसाळ घोडा. मी म्हटलं, "तट्टू आहे." तिथल्या बाईंचा चेहरा पडला. तिथे त्याला तट्टू म्हणायचं नाही, घोडाच म्हणायचं. बसलो. वेग वाढला, मी सवयीने दात आवळले, आणि काहीच झालं नाही. खाली टापांचा धा-गे-ति-ट चाललेला, वर मी पाटावर बसल्यासारखा. या चालीचं नाव टोल्ट. टोल नव्हे, तो आपण नाक्यावर भरतो. भरलेला पेला हातात धरून ही चाल दाखवायची तिथे पद्धत आहे. पेल्यात बिअर असते. ग्रंथालयात आहोत म्हणून ताक समजा.

अध्यक्षांची चिठ्ठी आली. पाच मिनिटं. म्हणजे शास्त्र राहिलंच की!

पटकन सांगतो. मागचा डावा, पुढचा डावा, मागचा उजवा, पुढचा उजवा, असे पाय पडतात. एक तरी पाय कायम जमिनीवर, म्हणून उसळी नाही. २०१२ मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात संशोधन आलं: अशा चालींच्या मुळाशी डीएमआरटी३ या जनुकातला एक बदल आहे. हे जनुक मज्जारज्जूत पायांचा मेळ घालणाऱ्या पेशींमध्ये काम करतं. आई-बाप दोघांकडून बदल आला तर बहुधा 'स्केइद' ही (साधी चाल, दुडकी, दौड आणि टोल्ट यांच्यानंतरची) पाचवी, एका बाजूचे दोन्ही पाय एकदम टाकणारी भरधाव चालही जमते. शिकवून ती सुधारते, पण मुळात नसेल तर चाबूकस्वार काय करणार? २०१६ च्या अभ्यासात हा बदल इंग्लंडमधल्या यॉर्कच्या नवव्या शतकातल्या घोड्यांच्या हाडांत सापडला. तिथून तो व्हायकिंग दर्यावर्दींच्या जहाजांतून आइसलँडला गेला असावा, असं ते संशोधक म्हणतात.

उठतो, उठतो. एकच राहिलं. त्या बेटावर बाहेरचा घोडा येऊ देत नाहीत, रोगाच्या भीतीने. तिथला घोडा जागतिक स्पर्धेसाठी बाहेर गेला, तर जिंकून आला तरी परत घेत नाहीत. वापरलेलं खोगीर, लगामसुद्धा नाही. माथेरानला घातलेले माझे चामडी हातमोजे मुलीने बॅगेतून काढून घेतले, ते अजून कोपनहेगनलाच आहेत.