पाऱ्याचं कारंजं

मित्रहो, जागतिक प्रदर्शनातलं राष्ट्रीय दालन म्हणजे त्या देशाचा ठेवणीतला पोशाख. घरात काहीही चाललेलं असो, चारचौघांत नीटनेटकंच दिसायचं. १९३७ साली पॅरिसच्या प्रदर्शनात स्पेनच्या प्रजासत्ताकानं मात्र अंगावरची जखम उघडी करून दाखवली. आज मी त्या एकाच दालनाबद्दल बोलणार आहे.

आयफेल टॉवरच्या समोर, सीन नदीच्या पलीकडे जर्मनी आणि सोव्हिएत संघ यांची अवाढव्य दालनं एकमेकांवर नजर रोखून उभी होती. जर्मनीच्या माथ्यावर गरुड, सोव्हिएतच्या माथ्यावर कोयता-हातोडा उंचावलेली जोडी. जर्मन दालनाच्या जवळच स्पेनची ही साधीशी इमारत होती. जोसेप युईस सर्ट आणि लुईस लाकासा यांनी ती पोलादी सांगाडा, काच आणि तयार तक्ते जोडून उभी केली. देशात यादवी पेटलेली, जनरल फ्रँकोनं प्रजासत्ताकाविरुद्ध बंड पुकारलेलं. प्रदर्शन मे महिन्यात सुरू झालं, हे दालन उघडायला १२ जुलै उजाडला.

पिकासोला इथल्या भिंतीसाठी चित्र आधीच सांगितलेलं होतं. २६ एप्रिलला फ्रँकोच्या बाजूनं लढणाऱ्या जर्मन आणि इटालियन विमानांनी स्पेनच्या बास्क प्रदेशातलं गेर्निका गाव जाळलं. १ मेला त्यानं पहिलं रेखाटन केलं आणि जूनच्या सुरुवातीला ‘गेर्निका’ याच नावाचं पावणेआठ मीटर लांबीचं चित्र पुरं झालं. काळा, पांढरा, करडा, बस्स. ज्यांच्या विमानांनी ते गाव जाळलं त्यांचा गरुड तिथून हाकेच्या अंतरावर होता, हे विसरून त्या चित्राकडे पाहताच येत नाही.

पण मला ओढ आहे ती चित्रासमोरच्या कारंज्याची. ते अलेक्झांडर काल्डरचं, म्हणजे एका अमेरिकन शिल्पकाराचं. त्यातून पाण्याऐवजी पारा वाहायचा. डांबर फासलेल्या वळणदार पत्र्यांवरून तो जाडसर, चकाकत ओघळायचा आणि शेवटी एका दांडीवर आदळायचा. त्या धक्क्यानं वर टांगलेली तारेची अक्षरं डुलायची: आल्मादेन. जगातला बराचसा पारा स्पेनमधल्या याच आल्मादेनच्या खाणींतून निघायचा आणि फ्रँकोच्या फौजांचा त्यांवर डोळा होता. लोक कुंडात नाणी टाकायचे, नाणी तरंगायची. पारा पाण्याच्या साडेतेरा पट जड, तांब्याचं नाणं त्यात बुडणार कसं? त्या तरंगत्या नाण्यांकडे बघत उभा राहिलेला माणूस नकळत वेढ्यातल्या एका गावाचं नाव वाचत होता. युद्धाची बातमी सांगायची याहून हळुवार रीत मला ठाऊक नाही.

प्रदर्शन संपलं, इमारत पाडली. जोआन मिरो या स्पॅनिश चित्रकारानं तिथे रंगवलेलं कापणी करणाऱ्या शेतकऱ्याचं भलंमोठं चित्र त्यानंतर हरवलं, ते आजवर सापडलेलं नाही. पिकासोचं ‘गेर्निका’ स्पेनमध्ये आलं ते थेट १९८१ साली. कारंजं आता बार्सिलोनात मिरोच्या नावाच्या संग्रहालयात आहे. ती वास्तूही सर्टचीच. पाऱ्याची वाफ विषारी, म्हणून आता ते काचेआडून पाहावं लागतं.