१७ जानेवारीची थंडी

नमस्कार मंडळी. आज १७ जानेवारी. आपल्या सीमाभागात ही तारीख म्हटली की आधी हुतात्मा दिन, १९५६ साली गोळीबारात गेलेली आपली माणसं. आज सकाळी गारठ्यात हुतात्मा चौकात जाऊन आलेले पण काही जण हे ऐकत असतील. त्या सगळ्यांना वंदन करून मी आज ह्याच तारखेच्या थंडीवर बोलणार आहे, कारण हवामानाच्या वह्यांमध्ये सुद्धा १७ जानेवारी मोठी तारीख आहे.

साल १९३५. पुण्यात ह्या दिवशी पारा १.७ डिग्रीवर आला, इतका खाली पुण्यात जानेवारीत परत कधीच आला नाही. आणि आदल्याच दिवशी म्हणजे १६ तारखेला दिल्लीत सफदरजंगच्या वेधशाळेत उणे ०.६ होतं. हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून बघा की, थंडीची लाट उत्तरेकडून खाली कशी उतरते ते डोळ्यासमोर येतं. हिमालयात पश्चिमी झंझावात, म्हणजे पश्चिमेकडून येणारी वादळी हवा, येऊन बर्फ टाकून जातो, मग आभाळ मोकळं होतं आणि तिकडची कोरडी गार हवा दख्खनपर्यंत येते, त्यात रात्री ढग नसले आणि वारा पण पडलेला असला की जमीन दिवसभराची उष्णता वर सोडून देते आणि पहाटे कडाका पडतो. आपण आजपण सकाळी बघतो ना, आभाळ स्वच्छ असेल तर गारठा जास्त, ढग आले की रात्र उबदार.

संक्रांत झाली की थंडी उतरणीला लागली असं आपण धरून चालतो. पण बघा, अमेरिकेत १९८२ ची १७ जानेवारी, रविवार होता, मिलवॉकी शहरात उणे ३२ डिग्री झालं, त्याहून खाली तिथला पारा आजवर गेलेला नाही. तिकडं तो दिवस थंडीचा रविवार म्हणूनच ओळखला जातो. दिवस मोठा व्हायला लागला तरी जमीन काही लगेच तापत नाही, म्हणून जानेवारीचा दुसरा पंधरवडा सांभाळून काढायचा असतो.

आता हे रेकॉर्ड रेकॉर्ड जे म्हणतात त्याबद्दल मला जरा तळमळीनं सांगायचंय, कारण व्हॉट्सॲपवर दर डिसेंबरला "शंभर वर्षातली थंडी" फिरते आणि माणसं उगाच घाबरतात. एखाद्या तारखेचं रेकॉर्ड वेगळं आणि आजवरचं सगळ्यात मोठं रेकॉर्ड वेगळं. वर्षातल्या प्रत्येक तारखेला तिचा आपला एक नीचांक असतो. समजा एखाद्या गावात नोंदी फक्त १० वर्षांच्या आहेत, तर कुठल्याही तारखेला यंदाचा आकडा सगळ्यात खालचा निघण्याची शक्यता दहात एक, म्हणजे एका महिन्यात काही विशेष घडलं नाही तरी दोन-तीन तारखांची रेकॉर्डं मोडणारच. नोंदी १०० वर्षांच्या असतील तर अख्ख्या वर्षात तीन-चार. म्हणून कुणी रेकॉर्ड म्हटलं की विचारा, कुठल्या केंद्राचं, आणि नोंदी कधीपासूनच्या?

आणि आकडा कुठं मोजला हेपण बघायचं. वेधशाळेत पांढरी लाकडी पेटी असते, चारी बाजूंनी झरोके, त्यात थर्मामीटर जमिनीपासून साधारण चार फुटावर. नीचांकाच्या थर्मामीटरमध्ये अल्कोहोल असतं, आत एक बारीक दांडी असते, थंडी वाढेल तशी ती मागं सरकते आणि सगळ्यात खालच्या जागी अडकून राहते, मग सकाळी साडेआठला माणूस येऊन आकडा वाचतो. सावलीतल्या चार फुटावरच्या हवेचा तो आकडा. शांत रात्री जमिनीलगत त्याहून गार असतं, म्हणून पेटीत ९ असेल आणि आपल्या शिवारातल्या मसुराच्या, वाटाण्याच्या पानावर त्याहून दोन-तीन डिग्री कमी असेल, आणि पिकाला आपल्या पानावरची थंडी लागते, पेटीतली नाही.

शिवाय दिवसाचा एक आकडा म्हणजे पूर्ण दिवस नव्हे. २२ जानेवारी १९४३, अमेरिकेतलं स्पिअरफिश नावाचं गाव. सकाळी साडेसातला उणे २०. डोंगरावरून कोरडा गरम वारा खाली आला आणि दोन मिनिटात, खरंच फक्त दोन मिनिटात, पारा ७ वर. नऊला १२, आणि मग २७ मिनिटात परत उणे २०. खिडक्यांच्या काचा तडकल्या. वहीत त्या दिवसाचा फक्त नीचांक लिहून ठेवला असता तर ह्यातलं काहीच आपल्याला कळलं नसतं, कुणीतरी वेळ घालून लिहिलं म्हणून कळलं.

म्हणून माझी खूप मनापासून विनंती आहे, खासकरून खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या शाळांना आणि शेतकऱ्यांना. वेधशाळा गावोगावी असत नाही. जांबोटी कणकुंबीच्या रानातली पहाट आणि बेळगाव शहरातली पहाट एक नसते, आणि आपल्या गावाचा आकडा आपल्याशिवाय कोण लिहिणार. साधा कमाल-किमान थर्मामीटर घ्या, भिंतीला चिकटवू नका, पत्र्याखाली नको, ऊन पडणार नाही आणि वारा खेळेल अशा जागी चार फुटावर टांगा. रोज एकाच वेळेला वाचा, साडेआठला जमलं तर उत्तम, तारीख, वेळ, आकडा, ढग होते का, दव पडलं होतं का, एवढं लिहा. एखाद्या दिवशी राहिलं तर ती ओळ कोरी सोडा, अंदाजानं भरू नका. आणि वही दरवर्षी १ जानेवारीला नवी करू नका, हिवाळा मधेच तुटतो, जूनपासून पुढच्या मेपर्यंत एकच वही चालवा. यंदाचा उरलेला जानेवारी हातात आहे, उद्या सकाळपासून सुरू करता येईल.