पुन्हा लागलेला पिवळा दिवा

(वाचनालयाच्या मासिक सभेतल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. मागच्या रांगेत ऐकू येतंय ना? बाहेरच्या फळ्यावर ‘वॉल्व्ह’चा ‘वाल’ झालाय. त्यामुळे काही जण उसळीच्या आशेने आलेले दिसतात. (हशा) उसळ नाही, पण वॉल्व्ह आणलाय. हा बघा, कागदात गुंडाळलेला. ईजीआर वॉल्व्ह, म्हणजे इंजिनातून निघालेला थोडा धूर परत आत सोडणारी झडप. हातोहात फिरवा, दांडी बोटाने दाबून बघा. हात काळे झाले तर रुमाल आपापला.

मी ३१ वर्षं आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिकची पोरं शिकवली. ही बढाई म्हणून सांगत नाही. पुढची गोष्ट ऐकताना माझी किती शोभा झाली, ते तुमच्या लक्षात यावं म्हणून सांगतो.

दोन वर्षांपूर्वी चवथीच्या आधी माटोळीचं, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळाफुलांचं, सामान आणायला बाजारात गेलो होतो. परत येताना डॅशबोर्डवर इंजिनाचं पिवळं चित्र लागलं. ही म्हणाली, ‘किती दिवस झाले, लागतंय ते.’ म्हणजे नवऱ्याला शेवटी कळलं! वर्कशॉपमध्ये नेली. पोराने स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटला स्कॅनर लावला. पी-०४०१. यातला ‘पी’ म्हणजे इंजिन-गिअरबॉक्सचा विभाग, शून्य म्हणजे सगळ्या कंपन्यांना सामाईक कोड, चार म्हणजे धूर-प्रदूषणाचं खातं. अमेरिकेत १९९६पासून सगळ्या नव्या मोटारींना ही भाषा सक्तीची आहे, तीच आपल्याकडे आली. पी-०४०१ सांगतो की ईजीआरमधून धूर पुरेसा येत नाही.

धूर परत इंजिनात कशाला सोडायचा, असं कोणीतरी विचारणारच. हवेत ७८ टक्के नायट्रोजन. एरवी तो गरीब माणूस, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण सिलिंडरमध्ये दीड हजार अंशांच्या पुढे आच गेली की तो ऑक्सिजनशी लग्न लावतो आणि त्यांची संतती आपल्या फुप्फुसांना बाधते. म्हणून जळून झालेला थोडा धूर आत सोडायचा. आच उतरते, लग्न मोडतं.

पोरगा म्हणाला, ‘सर, वॉल्व्ह गेला.’ मी मान डोलावली. ३१ वर्षं शिकवणाऱ्याने मान डोलावली! वॉल्व्ह बदलला, कोड पुसला, सतरा हजार मोजले. जुना मागून घेतला, तोच तुमच्या हातात फिरतोय. तिसऱ्या दिवशी दिवा परत हजर. पुन्हा गेलो. ‘पार्ट डिफेक्टिव्ह असेल, सर.’ पुन्हा बदलला, या वेळी फुकट. पुन्हा पुसला. पाच दिवसांनी दिवा!

आता माझा खरा राग ऐका. कोड पकडला जातो त्या क्षणी गाडी एक नोंद ठेवते: वेग किती, इंजिन किती तापलेलं, भार किती. स्कॅनरवर त्याला फ्रीझ फ्रेम म्हणतात. हा पंचनामा आहे हो! आणि आमचे लोक काय करतात, तर स्कॅनर लावला की आधी पुसून टाकतात. खून झालाय, पोलीस आले आणि पहिल्यांदा त्यांनी फरशी धुतली. गिऱ्हाईकही खूश, दिवा गेला ना! माझ्या वर्गात असं करणाऱ्याला मी दिवसभर कॉम्प्रेसरची टाकी रिकामी करायला लावली असती. आणि स्वतःच्या गाडीपुढे मी हाताची घडी घालून उभा होतो.

मग मी हट्टाला पेटलो. कोड पुसलेलाच होता. म्हटलं, गाडी घाटात चढवू, इंजिन फाडून बघू. फोंड्याहून निघालो, उसगाव, मोले, अनमोड घाट. चढावर ठणठणीत, दिवा नाही. वर गाडी बंद करून चहा प्यायलो, घरी फोन केला, ‘झाली बरी.’ परत येताना मोले सोडलं, सपाट रस्ता, एकाच वेगात गाणं ऐकत चाललोय आणि हा पिवळा राक्षस समोर!

का ते ऐका, मी स्वतः वेड्यासारखा चार दिवस विचार करत होतो. पाय पूर्ण दाबून घाट चढताना इंजिनाला निखळ हवा लागते, कॉम्प्युटर ईजीआर बंदच ठेवतो. म्हणजे घाटात परीक्षाच झाली नाही आणि मी पास झाल्याचे पेढे वाटत होतो. परीक्षा होते ती सपाटीवर, मध्यम भारावर. जाताना उसगावच्या आसपास गाडी गपचूप नापास झाली असणार. बहुतेक गाड्यांत सलग दोन फेऱ्यांत नापास झाल्याशिवाय दिवा लागत नाही. चहासाठी गाडी बंद केली तिथे पहिली फेरी संपली, परत येताना दुसरी. या वेळी मी पुसू दिलं नाही. फ्रीझ फ्रेम वाचली: वेग ५२, पाणी ८८ अंश. सपाटीचाच पंचनामा.

चिठ्ठी आली. ‘दहा मिनिटं. सातला जत्रेच्या नाटकाची तालीम.’ आलं लक्षात. दारात दोन मावळे लाकडी तलवारी घेऊन उभेच आहेत. (हशा) उरलेलं भरभर सांगतो. 

कोडमध्ये गाडी तक्रार सांगते, आरोपी आपण शोधायचा. आधी कोड आणि फ्रीझ फ्रेमचा मोबाइलवर फोटो काढा, पुसू नका. मग हात लावून पाइप, क्लिपा, व्हॅक्युमची बारीक नळी बघा. वायरींचा कपलर उघडा. आपल्या दमट खाऱ्या हवेत पिनांवर हिरवा गंज चढतो. पाच व्होल्ट येतात का, अर्थिंग धड आहे का, ते मीटरने बघा. डिझेलमध्ये बऱ्याचदा कॉम्प्युटर ईजीआरचा अंदाज हवेच्या सेन्सरवरून बांधतो, तोच मळला असेल तर साक्षीदारच खोटा.

आणि सगळ्यात महत्त्वाची परीक्षा दोन मिनिटांची आहे. इंजिन आयडलवर ठेवून स्कॅनरवरून वॉल्व्ह उघडायची आज्ञा द्या. धूर आत शिरला तर हवेचा आकडा उतरलाच पाहिजे, इंजिन थोडं कण्हलं पाहिजे. वॉल्व्ह हलतोय आणि इंजिनाला पत्ताच नाही, तर वाट बंद आहे.

माझं तेच होतं. रायबंदर-चोडण फेरीबोटीच्या रांगेत उभी राहणारी, बाजारापुरती फिरणारी गाडी. काजळी आणि तेलाची वाफ मिळून लेप बसतो. शेवटी गावातल्या एका म्हाताऱ्या मेस्ताने इनटेक, म्हणजे इंजिनात हवा जाण्याची वाट, खोलला. नव्या वॉल्व्हपुढच्या भोकात त्याची करंगळी जाईना. म्हणाला, ‘सर, तोंड नवें, पूण नरडें बंद मरे!’ हाताखालचा पोरगा कॉस्टिक सोडा घेऊन आला, त्यावर मेस्त असा ओरडला की शेजारची कुत्री उठली. ॲल्युमिनियम खातो तो. मग लाकडाच्या काड्यांनी दिवसभर खरवडलं. परातभर काळं लोणी निघालं.

वॉल्व्ह नवा असेल तर त्याची बंद जागा कुठे ते स्कॅनरवरून शिकवून घ्या, मग गरम गाडी सपाटीवर वीसेक मिनिटं चालवा, घाटात नव्हे. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा.

काय म्हणता? मध्ये पत्रा मारून टाकला तर? मारतात हो. धुराचा रस्ता बंद म्हणजे परत तोच ०४०१. आणि पीयूसी मिळते म्हणून फुशारू नका. डिझेलच्या पीयूसीत धुराची दाटी मोजतात, नायट्रोजनच्या त्या संततीला कोणी विचारत नाही.

या मावळ्यांनो, आत या, खुर्च्या मागे सारा. आणि माझा वॉल्व्ह कुठल्या रांगेत अडकलाय, बघा जरा.